यादीत घुसलेल्यांना आणि घुसवणाऱ्यांना जाहीर इशारा

नांदगाव विधानसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत ज्यांचे नाव असायला नको, त्यांनी ते आजपासून तीस दिवसांच्या आत स्वतःहून काढून घ्यावे. त्यानंतर विनंती होणार नाही, समजूत घातली जाणार नाही, चार प्रतिष्ठित माणसे मध्ये घालून प्रकरण मिटवले जाणार नाही. थेट फिर्याद होईल.

भारताचा नागरिक नसताना ज्याने इथे नाव नोंदवले, गावात आणि शहरात दोन्हीकडे नाव ठेवून ज्याने दोन्हीकडे मत दिले, मेलेल्या किंवा परगावी गेलेल्या माणसाच्या नावावर ज्याने बोटाला शाई लावून घेतली, आणि या सगळ्यांना कागद करून देऊन ज्याने पैसे खाल्ले, त्या प्रत्येकाला हा इशारा आहे. आम्ही नांदगाव आणि मनमाडचे मतदार आहोत. आमच्यात वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, रेल्वेत आयुष्य काढलेली माणसे आहेत, कांदा पिकवणारे आहेत. कोणत्याही पक्षाचा झेंडा आमच्या हातात नाही, आणि कोणाच्या जातिधर्माकडे बघून आम्ही यादी तपासायला बसलेलो नाही.

शेजारच्या मालेगावात काय झाले ते आपण जवळून पाहिले आहे. आपल्या मतदारसंघात मालेगाव तालुक्यातली काही गावे येतात, त्यामुळे तिथला प्रश्न हा तालुक्यापलीकडचा प्रश्न नाही. जन्माची नोंद वर्षभरात झाली नाही, तर ती उशिरा करून घेण्यासाठी पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे कोर्टात जावे लागे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि हा अधिकार महसूल खात्याकडे आला. तहसील कचेरीत अर्ज, प्रतिज्ञापत्र, एखादा जुना कागद, मग आदेश आणि दाखला. घरी बाळंतपण झालेल्या, कुठेच नोंद नसलेल्या कित्येक खऱ्या माणसांची यात सोय झाली, हे आधी मान्य केले पाहिजे. पण त्याच दारातून दलालही आत शिरले. मालेगावात बांगलादेशी आणि रोहिंग्यांना असे दाखले दिले गेल्याचा आरोप भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी केला. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, जानेवारी २०२५ मध्ये मालेगावचे तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले, राज्यभर उशिराच्या जन्मनोंदी थांबवण्यात आल्या आणि १२ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने नवी, कडक पद्धत आली.

या एका दाखल्याला एवढी किंमत का, हे समजून घ्या. नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक ठरतो. परकीय राजदूतांच्या मुलांसारखे अपवाद सोडले, तर आईवडील कोणत्या देशाचे हे त्यात बघितले जात नाही. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी आवळली गेली. म्हणजे १९८० साली मालेगावात किंवा नांदगावात जन्मलो असे सांगणारा एक कागद हातात पडला, की पुढची सगळी कुलपे उघडतात. त्यावर आधार, त्यावर रेशनकार्ड, त्यावर मतदार नोंदणीचा नमुना ६, त्यावर ओळखपत्र, आणि शेवटी पासपोर्ट. जून २०२४ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत चार बांगलादेशींना अटक केली. बनावट कागदांवर त्यांनी लोकसभेला मतदानही केले होते, असे पथकाचे म्हणणे होते.

तेव्हा आधार दाखवून कोणी आमचे तोंड बंद करू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी ठाण्यातल्या एका प्रकरणात जामीन नाकारताना स्पष्ट सांगितले, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक होत नाही. नागरिक कोण हे १९५५ चा नागरिकत्व कायदा ठरवतो. आणि मत कोणाला, हे राज्यघटनेचे कलम ३२६ ठरवते. तिथे पहिली अटच नागरिकत्वाची आहे.

आता कायद्यातली एक गोष्ट सांगतो, जी पुढाऱ्यांच्या भाषणात कधी येत नाही. परक्या देशाच्या माणसाने स्वतःच्याच नावाने, यादीत नाव असताना मत दिले, तर त्या बटण दाबण्याला थेट शिक्षा सांगणारे कलम लोकप्रतिनिधित्व कायद्यात सापडत नाही. १९५१ च्या कायद्याचे कलम ६२ त्याला मत देण्यास मनाई करते, पण तुरुंगवास सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७२ मधली तोतयेगिरी म्हणजे दुसऱ्याच्या किंवा काल्पनिक नावाने मत देणे, किंवा एकदा मत देऊन पुन्हा मागणे. स्वतःच्या नावाने आलेला परकीय त्यात सहज बसत नाही. म्हणून गुन्हा केंद्रावर शोधायचा नसतो, अर्जात शोधायचा असतो. नमुना ६ वर 'मी भारताचा नागरिक आहे' असे लिहून खाली सही केलेली असते. ते खोटे असेल, तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्या अर्जाला जोडलेला दाखला, आधार किंवा ओळखपत्र बनावट असेल, तर न्याय संहितेचे कलम ३३७ लागते आणि तिथे सात वर्षांपर्यंतची कैद आहे. पासपोर्ट किंवा व्हिसा बनावट निघाला, तर १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परकीय नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षे, शिवाय लाखांतला दंड.

आमचा पहिला नेम म्हणूनच दलालावर आहे. कचेरीबाहेर फाइल काखेत मारून 'काम होऊन जाईल, कागद मी बघतो' म्हणणाऱ्या माणसावर. जो रहिवासाचा पुरावा म्हणून दुसऱ्याचे वीजबिल जोडतो, शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्यावर नवे नाव चढवतो, संगणकावर जन्मतारीख फिरवतो आणि वर एका अर्जाचे वेगळे, पाच अर्जांचे वेगळे असे भाव सांगतो. दलालांनो, तुमचे गिऱ्हाईक पकडले गेले, की पहिल्याच चौकशीत तुमचे नाव सांगणार आहे. बनावट कागद करून देणारा हा त्याच गुन्ह्यातला आरोपी असतो, साक्षीदार नसतो. तुमच्याकडचे शिक्के, कोरे दाखले, इतरांच्या आधारच्या प्रती, जे काही असेल ते घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि स्वतः जबाब द्या. तीस दिवस संपल्यावर आम्ही जाऊ.

दुसरा इशारा आपल्याच घरांना आहे आणि तो कडू लागेल. नागरिक नसलेला मतदार म्हटले, की डोळ्यांसमोर सीमा ओलांडून आलेला कोणी गरीब येतो. पण न्यू जर्सीत किंवा टोरांटोत जाऊन तिथले नागरिकत्व घेतलेला तुमचा मुलगाही भारताचा नागरिक उरलेला नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, की नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचे नागरिकत्व त्याच दिवशी संपते. ओसीआय कार्डावर येता येते, राहता येते, पण मत देता येत नाही. तरीही गावच्या यादीत त्याचे नाव तसेच राहते, जुने ओळखपत्र कपाटात असते आणि दिवाळीला आलेला मुलगा निवडणूक लागली म्हणून वडिलांबरोबर केंद्रावर जातो. कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. तिकडे अमेरिकेत ग्रीनकार्डवाल्याने संघराज्याच्या निवडणुकीत मत दिले, तर १९९६ च्या कायद्याने वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते आणि देशाबाहेर काढले जाण्याची टांगती तलवार असते. हे नियम आपली मुले तिथे डोळ्यात तेल घालून पाळतात. तेच त्यांनी इथेही पाळावे. आई-वडिलांनी या आठवड्यातच नमुना ७ भरून नाव कमी करून घ्यावे. आणि ज्यांच्याकडे अजून भारताचाच पासपोर्ट आहे, अशा परदेशातल्या मुलांनी नमुना ६अ भरून रीतसर अनिवासी मतदार व्हावे, मतदानाला पासपोर्ट घेऊन यावे आणि ताठ मानेने मत द्यावे. त्यांच्याशी आमचे काही भांडण नाही.

दोन ठिकाणी नाव असणाऱ्यांची गोष्ट याहून मोठी आहे. नोकरीसाठी नाशिक, पुणे, कल्याणला गेलेली माणसे गावचे नाव काढत नाहीत. भावकीचा वॉर्ड असतो, एकेका मताला मोल असते. १९५० च्या कायद्याचे कलम १७ एका मतदारसंघाहून जास्त ठिकाणी नाव ठेवायला मनाई करते, आणि नोंदणी करताना खोटी माहिती दिली तर ते वर सांगितलेले कलम ३१ इथेही आहेच. नांदगाव आणि मनमाड नगरपालिकांसाठी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झाले. नाशिक आणि मालेगाव महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या सहा आठवड्यांत बोटावरची शाई कितीशी टिकते? राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले आणि अशा मतदारांकडून आपण एकाच ठिकाणी मत देणार असे लिहून घेण्याची पद्धत आणली. तारे छापून चोरी थांबत नाही. दोन्हीकडच्या नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तरच ती सापडते, आणि ते काम आम्ही करणार आहोत.

आमच्यापैकी काही जण यादी घेऊन बसले, तेव्हा काय दिसते ते सांगतो. एकाच चेहऱ्याचा फोटो दोन भागांत, एकदा आडनाव आधी आणि एकदा नाव आधी. वडिलांच्या नावात एका वेलांटीचा फरक. वय एकीकडे एकेचाळीस, दुसरीकडे त्रेचाळीस. कधी ती निव्वळ टायपिंगची चूक असते, कधी बदलीच्या अर्जात जुने नाव काढायचे राहून गेलेले असते. म्हणून आम्ही कोणाचेही नाव चौकात लावणार नाही. ज्याचे नाव दोनदा आहे, त्याच्या दारात जाऊन आधी विचारणार. चूक असेल तर अर्ज भरून देऊ, लागेल ती मदत करू. पण दोन्हीकडे सही आणि दोन्हीकडे मत सापडले, तर मग नात्याचा आणि ओळखीचा विचार होणार नाही.

२० नोव्हेंबर २०२४ चा दिवस नांदगाव विसरलेले नाही. विधानसभेचे मतदान सुरू असताना नांदगाव-मनमाड रस्त्यावर मजुरांना घेऊन निघालेल्या गाड्या अपक्ष उमेदवार समीर भुजबळ यांनी अडवल्या. बाहेरचे मतदार आणल्याचा त्यांचा आरोप होता. शिवसेनेचे उमेदवार सुहास कांदे तिथे आले, दोन्हीकडचे कार्यकर्ते भिडले, कॅमेऱ्यासमोर धमकीची भाषा झाली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती पाहिली. आपल्या गावाचे नाव त्या दिवशी देशभर गेले ते असे. पण त्या रस्त्यावर उन्हात उभ्या असलेल्या मजुरांचे काय? त्यांचे नाव कोणत्या भागात आहे, आहे की नाही, एवढे यादी उघडून जागेवर बघता आले असते. नाव असेल तर त्यांना कोणी अडवायला नको होते. नसेल तर त्यांना आणणाऱ्याला तिथेच धरायला हवे होते. आणि मतदार खरे असोत की खोटे, उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने भाड्याच्या गाडीतून मतदारांना केंद्रावर फुकट नेणे हाच १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट व्यवहार आहे, आणि कलम १३३ खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पुढच्या मतदानाला प्रत्येक उमेदवाराने हे लक्षात ठेवावे. गाडीचा नंबर, चालकाचा जबाब आणि भाड्याचा हिशेब आम्ही गोळा करू. गाडी अडवणार नाही, कोणावर हात टाकणार नाही.

हा तालुका दुष्काळी. दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी माणसे आपलीच आहेत आणि त्यांचे नाव आपल्याच यादीत राहिले पाहिजे. काही महिने कामाला बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही, असे १९५० च्या कायद्याचे कलम २० सांगते. म्हणून हा तिसरा इशारा, आणि तो आपण आमच्याच बाजूने बोलतो असे समजणाऱ्यांना आहे. मुसलमान दिसला की बांगलादेशी, पाल ठोकून राहिलेला दिसला की परका, बोली वेगळी ऐकली की घुसखोर, असे म्हणून गठ्ठ्याने हरकती टाकणाऱ्यांनी नीट ऐकावे. १९९५ साली लालबाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबई आणि दिल्लीतल्या अशाच मतदारांचा प्रश्न आला होता. न्यायालयाने सांगितले, की ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्याला एकट्या पोलिसी अहवालावर काढता येत नाही. नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे आणि त्याचा पुरावा ऐकावा लागतो. मालेगावातही दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्यांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालवणारी घरे होती. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागलेली माणसे होती. नमुना ७ वरची खोटी हरकतही कलम ३१ मध्येच बसते. खऱ्या नागरिकाचे नाव खोटे लिहून जो कापायला निघेल, त्याच्यावरची फिर्याद आम्ही त्याच टेबलावर, त्याच दिवशी लिहू. नागरिकाचे मत पुसणारा आणि परक्याचे मत घुसवणारा, दोघेही आम्हाला सारखेच.

आजवर ही प्रकरणे का विरली? कारण सगळे ओरडत बसतात आणि मुदत निघून जाते. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने साधारणपणे एका वर्षातच घ्यावी लागते, तशी मुदतीची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे. कलम ३१ आणि तोतयेगिरी दोन्ही त्यात येतात. २०२४ च्या मतदानातल्या अशा कित्येक तक्रारींची मुदत आता टळून गेली. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत करावी लागते. निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये सांगून टाकले आहे, की याचिका नसेल तर ४५ दिवसांनंतर केंद्रावरचे चित्रीकरण नष्ट करता येईल. म्हणजे निकालानंतर दीड महिना आरोप-प्रत्यारोपात गेला, की पुरावाच उरत नाही. कोणी मत दिले याची सही किंवा अंगठा नमुना १७-अ च्या नोंदवहीत असतो. ती मोहोरबंद होते आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. तो आदेश मागायला वेळेत कोणीतरी जावे लागते.

यापुढे ते होईल. पुढच्या मतदानाला शक्य तितक्या केंद्रांवर आमची माणसे यादी घेऊन असतील. सर्व पक्षांच्या पोलिंग एजंटांना आम्ही आताच सांगून ठेवतो. समोरचा माणूस यादीतला नव्हे अशी खात्री असेल, तर मतदान केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये भरून त्याच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो. केंद्राध्यक्षाला तिथेच चौकशी करावी लागते, आणि तोतयेगिरी सिद्ध झाली तर त्या तोतयाला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. तोतयेगिरी दखलपात्र आहे. ठाण्यात 'वरून आदेश येऊ द्या' हे उत्तर चालणार नाही. दोन रुपयांच्या या हत्याराला गंज चढलाय, कारण एजंट चहा पीत बसतात आणि गावात वाईटपणा नको म्हणतात. ज्याला वाईटपणा नको असेल, त्याने एजंट होऊ नये. आणि ज्या मतदाराला केंद्रावर कळेल की आपले मत आधीच कोणी देऊन गेले, त्याने परत फिरू नये. प्रदत्त मतपत्रिका मागावी, ती देणे केंद्राध्यक्षावर बंधनकारक आहे, आणि बाहेर येऊन लगेच लेखी तक्रार द्यावी.

राहिले अधिकारी. बीएलओंवरचा, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांवरचा, बोजा आम्हाला ठाऊक आहे. शाळा सांभाळून, अंगणवाडी सांभाळून घरोघर जायचे, वर पुढाऱ्याच्या माणसाचा दम खायचा. जो दबावाखाली आहे त्याने आम्हाला सांगावे, आम्ही त्याच्याबरोबर तहसीलदारांकडे येऊ. पण घरी न जाता सही करणारा, पैसे घेऊन नाव घालणारा किंवा काढणारा कर्मचारी १९५० च्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये येतो. तीन महिन्यांपेक्षा कमी नाही आणि दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. त्यासाठीची तक्रार निवडणूक आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या अधिकारानेच कोर्टात जाते. इतके दिवस ही तरतूद ढाल म्हणून वापरली गेली. आमचे अर्ज त्या दोघांकडे जातील, प्रत्येकाची पोच घेतली जाईल, आणि उत्तर आले नाही तर उच्च न्यायालयात दाद मागितली जाईल.

काय करायचे ते एकदा नीट सांगतो. दुबार नाव असेल, तर जिथे राहत नाही तिथले नाव नमुना ७ ने कमी करा आणि पोच जपून ठेवा. मयताचे नाव घरच्यांनी मृत्यूचा दाखला जोडून कमी करावे. परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्यांचे नाव घरच्यांनी कमी करावे. मुदतीत हे ज्यांनी केले, त्यांच्याविरुद्ध आम्ही तक्रार देणार नाही. मात्र नाव काढल्याने झालेला गुन्हा पुसला जातो, असा समज कोणी करून घेऊ नये, सरकार काय करील ते सरकारच्या हातात आहे. बनावट कागदांवर नाव घातलेल्यांना आणि ते कागद विकणाऱ्यांना ही सवलत नाही. त्यांनी वकील गाठावा आणि ठाण्यात हजर व्हावे.

एकतिसाव्या दिवशी, कचेरी उघडण्याच्या वेळेला, आम्ही नांदगावच्या तहसील कार्यालयात असू. त्यावेळी यादीत जी नावे उरतील, त्यांच्यावरच्या हरकती एकेक करून, पुराव्यासह आणि हरकत घेणाऱ्याच्या स्वतःच्या सहीने दाखल होतील. दखलपात्र गुन्ह्यांच्या फिर्यादी त्याच दुपारी पोलीस ठाण्यात जातील. बाकीच्या खासगी तक्रारी नांदगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मुदतीच्या आत उभ्या राहतील.